दातावरचा पांढरा चौकोन

रेवा, मागच्या रविवारी तुझा फोन आला. कॉलेजसाठी घर सोडतेस, सामान बांधतेस, आणि एका खोक्याच्या तळाशी तळहाताएवढा काळपट दगड सापडला. त्यावर पांढऱ्या रंगाचा एक चौकोन आहे, चौकोनात काहीच लिहिलेलं नाही, तर तो पुसून टाकू का, असं तू विचारलंस. मी म्हटलं, पुसू नकोस, मी पत्र लिहिते. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. शिवाय तिच्यात माझी एक चूक आहे, आणि चुका मी लिहून काढलेल्याच बऱ्या. ईशान, तूही वाच. तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास आणि तुझं सगळं लक्ष गाडीत राहिलेल्या वेफर्सच्या पुड्यावर होतं, त्यामुळे तुला यातलं काही आठवत असेल असं वाटत नाही.

तो दगड म्हणजे दात आहे. कुणाचा, ते पुढे येईल. तो तुला ज्यांनी दिला त्यांचं नाव यशवंत ओव्हाळ, पण गावात कुणी त्यांना त्या नावानं ओळखत नसे. सगळे कीमनमामा म्हणत. रेल्वेच्या रुळांवरून रोज पायी चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्यात का ते बघायचं, झाल्या असतील तर हातोड्यानं ठोकून बसवायच्या, हे काम करणारा तो कीमन. मामांनी दौंडच्या अलीकडे, यवत आणि केडगावच्या पट्ट्यात, एकतीस वर्षं हे काम केलं. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे घोड नदीच्या काठी येऊन राहिले, आणि तिथं त्यांनी एक संग्रहालय काढलं. संग्रहालय हा माझा शब्द. त्यांचा शब्द पाटीवर होता.

त्या वर्षी तुम्ही नाताळच्या सुट्टीत आला होतात. रांजणगावला गणपतीचं दर्शन, न्हावऱ्याला माझ्या मावसबहिणीकडे, मंदाकडे, जेवण, आणि चौफुला, यवत करत पुण्याला परत, असा कार्यक्रम मी वेळांसकट कागदावर लिहून तुमच्या बाबांच्या हातात दिला होता. जेवण झाल्यावर मंदा म्हणाली, "मुलांना कीमनमामांची हाडं दाखवून आणा." माझ्या कागदावर हाडं नव्हती. पण तुम्ही दोघं कंटाळला होतात, म्हणून आम्ही अर्धा तास काढला.

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दूध गोळा करायची एक जुनी खोली होती. डेअरीनं नवी इमारत बांधल्यावर ती रिकामी पडली होती. तिच्यावर पिवळी पाटी आणि काळी अक्षरं, हुबेहूब रेल्वे स्टेशनसारखी. 'जुन्या हाडांचे घर'. स्टेशनच्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात ना, तिथं लिहिलं होतं, 'नदीपासून चढ ९२ पावले'. आणि दारावर वेगळी ओळ होती, 'देव नाहीत. चपला काढू नयेत.'

आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा मामा दारात उभे होते. काटक, काळेसावळे, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. नमस्कार करायच्या आधी त्यांनी हातातल्या लहान हातोडीनं गाडीची चारही टायरं एकेकदा वाजवली.

"मागचं डावं बगून घ्या साहेब. हवा कमी हाय."

तुमचे बाबा हसले. यवतच्या पंपावर हवा बघितली तेव्हा मागच्या डाव्या टायरमध्ये हवा खरंच कमी निघाली.

त्यांना सगळंच वाजवून बघायची सवय होती. चहाचा पेला, माठ, दाराची चौकट. एकदा तर मंदाच्या नवऱ्याची पाठ वाजवून म्हणाले, "डाक्टरला दाखवा, कफ हाय." रुळाची चावी घट्ट असेल तर कशी वाजते आणि सैल असेल तर कशी, हे एकतीस वर्षं ऐकून त्यांचा कान तसा झाला होता.

खोलीत लाकडी फळ्यांवर हाडं मांडलेली होती. मांडीची, जबड्याची, मणके, दात, एक वाकडं भलंमोठं शिंग. सगळी दगडासारखी जड आणि काळी किंवा तपकिरी. घोड नदीच्या काठात, मातीच्या आणि गोट्यांच्या थरांत ती हजारो वर्षं पडून होती. इतका काळ पुरलेल्या हाडाचा हळूहळू दगड होतो. वाळू काढताना ती वर यायची आणि लोक ती फेकून द्यायचे. मामा रोज नदीत चालत, कारण रोज चालल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, आणि चालताना त्यांची नजर सवयीनं तीन पावलं पुढे जमिनीवर असे. त्या नजरेतून हाड सुटत नसे.

प्रत्येक हाडापुढे बिडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्या चिठ्ठ्या मला अजून पाठ आहेत. 'हत्ती. मांडी.' 'बैल, पण आपला नव्हे.' 'हरीण, घाईत मेलेले.' आणि एका मोठ्या हाडापुढे, 'कोण ते माहीत नाही. मोठे होते.'

त्यांनी एक हाड उचलून तुझ्यापुढे धरलं, रेवा. तू सात वर्षांची होतीस.

"जीभ लाव," ते म्हणाले.

तुझी आई किंचाळलीच. "अहो, नको! मेलेलं आहे ते!"

"लई जुनं मेलंय, ताई," मामा शांतपणे म्हणाले. "वास गेला, किडं गेलं, आता निस्ता दगड ऱ्हायलाय. पर हाडाचा दगड जिभेला चिकटतो, साधा दगड चिकटत न्हाई. धुतल्यालं हाय. बगू द्या पोरीला."

तुझी आई पर्समध्ये रुमाल शोधेपर्यंत तू जीभ लावलीही होतीस. "आजी, हे मला सोडतच नाही!" असं काहीतरी तू हाडाला चिकटलेल्या जिभेनं बोललीस. जुन्या हाडात बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढून घेतात, म्हणून ते चिकटतं. हे मला नंतर कळलं. पण सगळे बाहेर गेल्यावर मीसुद्धा गुपचूप जीभ लावून बघितली होती, हे आज पहिल्यांदा सांगते.

त्या हाडावर पांढऱ्या ऑइल पेंटनं, जरा ओघळलेल्या अक्षरांत, '३/७ डा' असं लिहिलेलं होतं. सगळ्याच हाडांवर असं काहीतरी होतं. तू विचारलंस, "मामा, हे काय लिहिलंय?" मामा तुझ्याशेजारी उकिडवे बसले आणि नदीकडे बोट दाखवून तुला काही सांगू लागले. मी तेव्हा घड्याळ बघत होते. आपल्याला वीस मिनिटं उशीर झाला होता.

तुम्ही परत गेलात आणि ती खोली माझ्या डोक्यात राहिली. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. बिडीच्या पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या बघून माझे हात शिवशिवत होते. मंदाकडे जायच्या निमित्तानं मी एसटीनं पुन्हा गेले आणि मामांना म्हटलं, "मी तुम्हाला नीट चिठ्ठ्या लिहून देते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही."

"लिवा की, बाई. इंग्रजी बी लिवा. परवा रांजणगावच्या कंपनीतला एक जपानी येऊन गेला, त्याला निस्तं हात करून हत्ती दावावा लागला."

हत्ती कसा दाखवला ते त्यांनी मला करून दाखवलं. सोंडेसाठी डावा हात, कानासाठी दुधाच्या कॅनचं झाकण. त्यांची बायको ताराबाई पाण्याची कळशी घेऊन दारातून चालल्या होत्या. "व्हय, आता हेच ऱ्हायलंय," म्हणाल्या. "रेल्वेनं सोडला, आता सर्कशीत घेतील."

ताराबाईंची जीभ तिखट होती, पण त्या खोलीचा केर त्याच काढत. त्यांनीच मला दारावरच्या ओळीची गोष्ट सांगितली. सुरुवातीला लोक चपला काढून आत यायचे. एके दिवशी हत्तीच्या मांडीच्या हाडावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं, दुसऱ्या दिवशी नारळ आला. मामांनी नारळ फोडून पोरांना वाटला, हाड धुतलं आणि दारावर ती ओळ रंगवली.

"चपला काढल्या की मानूस आपसूक पाया पडतो," मामा म्हणाले. "चपला ऱ्हायल्या की बगतो."

एक गोष्ट मात्र ताराबाईंनी हसत सांगितली नाही. मामांच्या थोरल्या भावानं दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. ही माणसं बौद्ध. त्यांच्या आजोबा-पणजोबांना गावातली मेलेली ढोरं ओढून न्यावी लागत. बौद्ध झाल्यावर त्यांनी ते काम सोडलं, आणि त्या सोडण्यासाठी गावाचा बहिष्कारही सोसला. आणि आता शिकलेला, सरकारी पेन्शनीत बसलेला भाऊ आपल्या हातानं हाडं गोळा करून आणतो! "बापानं टाकल्यालं तू डोक्यावर घेतलंस," असं भाऊ चावडीसमोर बोलला होता.

मी मामांना विचारलं, तुम्ही त्यांना काय सांगितलंत? ते हातातलं शिंग पुसत होते.

"म्हनलं, दादा, ती ढोरं गावाची व्हती. गावानं आपल्याला वडायला लावली. हे जनावर मेलं तवा गावच नव्हतं. पाटील नव्हता, वेस नव्हती, आपला वाडा न्हाई का त्यांचा वाडा न्हाई. हे कुनी मला उचलायला लावलं न्हाई. मी माज्या मनानं वाकलो."

"मग भाऊ काय म्हणाले?"

"काय न्हाई म्हनला. पर म्होरच्या पोळ्याला येऊन बगून गेला. चपला घालून."

आता खोलीचं सांगायला हवं. खोली ग्रामपंचायतीची होती. सरपंचांना सगळे आबा म्हणत. ऊस, कांदा, दूध असं सगळं असलेले मोठे बागाईतदार, स्वभावानं मिस्कील. मामांना ते उघडपणे चिडवत. "काय कीमनमामा, आज कुनाची मयत?" असं त्यांचं रोजचं विचारणं. पण त्यांचे भाऊबंद खताची पोती ठेवायला ती खोली मागत होते आणि आबांना त्यांना फार दिवस थोपवता येत नव्हतं. एकदा माझ्यासमोरच ते मामांना म्हणाले,

"हे बघा मामा, मला ह्यातलं काय कळत न्हाई. मिटिंगला पोरं म्हनत्यात, दगडासाठी खोली आडकावलीय. कुनी शिकलेल्या मानसानं येऊन सांगू द्या, का हे ठेवन्यासारखं हाय. मग मी खोलीला कुनाचा हात लागू देत न्हाई."

मामांनी पुण्यातल्या एका संस्थेला पत्र टाकलं. महिन्यानं उत्तर आलं. जुन्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या एक प्राध्यापक बाई नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येऊन बघणार होत्या. मामांनी ते पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि नंतर कितीतरी दिवस ते तिथंच होतं.

बाई येण्याच्या आठवडाभर आधी मी मंदाकडे राहायला गेले. चिठ्ठ्या तयार होत्या, पांढऱ्या कार्डावर माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात. मामांना त्याच दिवशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला दौंडला जायचं होतं. रात्री बहिणीकडे राहून दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुमी लावा चिठ्ठ्या निवांत."

मी चिठ्ठ्या लावल्या. स्वच्छ पांढऱ्या कार्डामागे ती हाडं, आणि हाडांवर ते ओघळलेले पांढरे आकडे. मला ते फार खटकलं. मला वाटलं, रेल्वेतल्या माणसाला प्रत्येक वस्तूवर नंबर टाकायची खोड असते, तसलं काहीतरी असेल. मी शिरूरहून टर्पेंटाइनची बाटली मागवली, जुनी धोतरं फाडून घेतली, आणि दोन दिवस बसून आकडे पुसले. खोलीत त्रेसष्ट हाडं होती. त्रेचाळीस झाली तेव्हा मामा एसटीतून उतरून सरळ खोलीवर आले.

त्यांनी आधी चिठ्ठ्या बघितल्या. "ब्येस," म्हणाले. मग एक हाड उचललं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. ते ठेवून दुसरं उचललं.

"बाई, नंबर?"

"पुसले. फार ओघळले होते. आता बघा कसं छान दिसतंय."

ते दुधाच्या उपड्या कॅनवर बसले. मामांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जरा वेळानं म्हणाले, "चहा घेताय का?"

चहा ताराबाईंनी आणला आणि झालेलं त्यांनीच मला समजावून सांगितलं, कारण मामा सांगेनात. ते आकडे म्हणजे हाड सापडल्याची जागा. रेल्वेत किलोमीटरचे आणि खांबांचे आकडे असतात, त्यावरून कुठली चावी कुठे आहे ते कळतं. मामांनी तशीच नदी मोजली होती. गावच्या बंधाऱ्यापासून हजार पावलं म्हणजे एक, त्यात शंभर पावलांचा एक खांब. ३/७ डा म्हणजे तीन हजार सातशे पावलांवर, डाव्या काठाला. कित्येक वर्षांपूर्वी पुण्याचा एक विद्यार्थी त्यांच्याकडे आठ दिवस राहिला होता. त्यानं बजावलं होतं की कुठं सापडलं ते लिहिलेलं नसेल तर अभ्यासाला हाडाचा उपयोग जवळजवळ संपतो. प्राध्यापक बाई येतील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतील.

"वहीत लिहून ठेवलं असेल ना?" मी विचारलं.

"वही कशाला?" ताराबाई म्हणाल्या. "पुलाचा नंबर पुलावर असतो, खांबाचा खांबावर. वही हरवती, भिजती. हाडावरचं कोन पुसनार हाय?"

मी रडले. साठीच्या बाईनं रडू नये अशी ती जागा होती, पण रडले. मामा उठले आणि माझ्यासमोरचा पेला हातोडीनं हळूच वाजवून म्हणाले, "गार व्हतोय. घ्या. अजून पाच दिस हायत. नदी कुठं गेली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सायकलला दोन पोती बांधली, पोत्यांत हाडं. मी छत्री आणि वही घेऊन मागे. बंधाऱ्यापासून ते पाऊल टाकू लागले. वाळू असो, चिखल असो, खडक असो, त्यांचं पाऊल सारखंच पडे. मध्येच थांबत, पोत्यातून एक हाड काढत, त्याच्या खाचेत अडकलेली माती नखानं उकरत. पिवळी माती वेगळी, बारीक गोटे चिकटलेली वेगळी, पांढरी चुन्याची खडी वेगळी. मग काठाकडे बघत.

"हे हितलं न्हाई. हितं पिवळी हाय. लिवू नका."

काही हाडं त्यांना मातीवरून आठवली, काही माणसांवरून. "हे शिंग घावलं त्या दिशी आबाची म्हस पान्यात बसली व्हती, उठंना. सहा मानसं लागली. म्हंजी उंबराखाली. म्हंजी पाच आन् दोन, उजवा." मग उंबरापर्यंत पावलं मोजत जायचं. आकडा जुळला की ते "लिवा" म्हणत. नाही जुळला तर पुन्हा मागे.

चौथ्या दिवसापर्यंत एकोणचाळीस झाली. चार राहिली. त्या चारांत हा दात होता, रेवा, आणि तो मामांचा सगळ्यात लाडका होता. त्याच्या खाचेत मातीचा कणही नव्हता, कारण तो मी दातांच्या ब्रशनं घासून काढला होता. मामांना तो सहाव्या आणि नवव्या हजाराच्या मध्ये कुठंतरी सापडल्याचं आठवत होतं. बस्स.

दुसऱ्या दिवशी बाई येणार होत्या. मी म्हटलं, "मामा, सहा आणि नऊच्या मधला एखादा आकडा लिहा. कोण बघायला जाणार आहे?"

शाळेत मुलींना कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर उभं करणारी मी, हे बोलले.

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"बाई, कीमननं बिटात, आपल्या ठरल्या पट्ट्यात, न जाता डायरीत 'सगळं ठीक' लिवलं, तर त्या दिशी कुनाला बी कळत न्हाई. गाडी जाती. दुसरी बी जाती. आन् एक दिस पडती." त्यांनी दात हातात तोलला. "मी एकतीस वर्सं न गेल्यालं लिवलं न्हाई. आता ह्या दातापायी लिवू व्हय?"

संध्याकाळी त्यांनी एकोणचाळीस हाडांवर पुन्हा आकडे रंगवले, या वेळी ओघळू न देता. उरलेल्या चारांवर नुसता पांढरा चौकोन रंगवला आणि आत काही लिहिलं नाही.

प्राध्यापक बाई जीपमधून आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात मामांसारखेच कॅनव्हासचे बूट. ते बूट बघून मामांना धीर आला असावा. आबाही आले, त्यांच्यामागे खतासाठी खोली मागणारे दोघं. बाईंनी फळ्यांवरून नजर फिरवली, आणि त्यांचा हात सरळ त्या दाताकडे गेला. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"हा पाणघोड्याचा आहे," त्या म्हणाल्या. "इथं पाणघोडे होते, तेव्हाचा. फार सुंदर आहे. कुठं सापडला?"

आबा पुढे सरकले. मी साडीचा पदर मुठीत धरला. एक आकडा सांगितला असता तर त्या क्षणी खोली मामांची झाली असती, आणि तो आकडा खोटा हे फक्त आम्हा दोघांना माहीत असतं.

"ठाव न्हाई," मामा म्हणाले. "लिवलं व्हतं. गेलं."

कुणामुळे गेलं ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मी सांगितलं. बाईंनी नुसती मान हलवली, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. मग त्यांनी बाकीची हाडं एकेक करून बघितली आणि तीन बाजूला काढली. "ही कुठली ते मला दाखवा."

दोघं नदीत उतरले. आम्ही वर थांबलो. आबांनी दोनदा घड्याळ बघितलं. उन्हं कलल्यावर ते परत आले, बाईंच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात मातीच्या तीन पुड्या. प्रत्येक जागी त्यांनी काठ खरवडून हाडाच्या खाचेतली माती ताडून बघितली होती.

"सरपंच," त्या म्हणाल्या, "ही खोली कुणाला देऊ नका. मी तसं लेखी पाठवते."

"पर बाई, त्यो दात कुठला ते तर त्यांनाबी ठाव न्हाई," मागून एकजण बोलला.

"तेच म्हणते मी. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतात. बाकीच्या नोंदी मी न तपासता घेतल्या असत्या तरी चाललं असतं."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग आता खत कुठं ठेवू?"

"तुमच्या दिवानखान्यात ठिवा," मामा म्हणाले. "वास येतो का बगा." सगळ्यात मोठ्यानं आबाच हसले.

हे सगळं मी तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा मागून तुझा आवाज आला होता, रेवा. "पण मला माहीत होतं! मामांनी सांगितलं होतं, तो नदीचा पत्ता आहे. आजीनं विचारलं का नाही?"

दोन-तीन वर्षांनी तुम्ही पुन्हा आलात तेव्हा आपण परत गेलो होतो. खोलीत दिवा आला होता, काचेचं कपाट आलं होतं. ताराबाई गेल्या होत्या, आणि केर आता मामाच काढत होते. चालताना त्यांच्या हातात काठी होती, पण पाऊल तेवढंच पडत होतं. त्यांनी कपाटातून नाही, खिशातून तो दात काढला आणि तुझ्या हातावर ठेवला.

"पुन्याच्या मोठ्या बाईंनी फोटो, मापं घेतली ह्येची. त्यांना इचारलंय, पोरीला देऊ का. द्या म्हनल्या. नंबर न्हाई तर ह्यो कपाटात बसत न्हाई. तुला पयल्याच दिशी नंबर इचारायचं सुचलं व्हतं, म्हून तुज्याकडं ऱ्हाऊ दे. चौकोन मोकळा ठिवलाय. आठवलं तर कळवीन." मग माझ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले, "आजीला धुवायला देऊ नको फक्त."

आपण निघालो. मी मागच्या काचेतून बघत होते. ते रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहिले आणि एक हात आडवा, सरळ धरला. गाडी जाताना कीमन तसाच उभा राहतो, गार्डाला दिसावं म्हणून, आणि शेवटचा डबा गेल्याशिवाय हात खाली घेत नाही. आपण न्हावऱ्याच्या रस्त्याला वळलो तोपर्यंत तो हात तसाच होता. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. ते माझ्यासमोर आहे. अक्षर पाटीसारखं, सुटं सुटं. 'बाई स. न. दाताची जागा आठवल्यासारखी वाटते. परंतु जाऊन बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. बंधाऱ्याला पाणी आहे. उतरले की जाईन.'

त्या वर्षी बंधाऱ्याला उन्हाळ्यापर्यंत पाणी होतं. मामा त्याआधी, फेब्रुवारीतच वारले.

जागा कुठली आठवली होती, ते कार्डात नाही. तेव्हा रेवा, दात बरोबर ने, टेबलावर ठेव, कुणी विचारलं तर पाणघोड्याचा आहे म्हणून सांग. कुठं सापडला असं विचारलं तर ठाऊक नाही म्हण. आणि चौकोन पुसू नकोस.